पत्त्यातला कॅम्प



मी मराठी शिकवतो. भाषेचा इतिहास म्हटला की आपण ताम्रपट आणि पोथ्यांकडे वळतो. आज मी तुम्हाला लोकलच्या एका स्थानकावर नेणार आहे.

मुंबईहून कर्जतकडे जाणारी लोकल कल्याण सोडते, विठ्ठलवाडी घेते आणि अंबरनाथच्या आधी उल्हासनगरला थांबते. तिथे पत्ता विचारला की सांगतात, ‘कॅम्प तीन’ किंवा ‘कॅम्प चार’. स्थानकाच्या पाटीवर हा शब्द नाही. तो लोकांच्या तोंडी आहे.

हा कॅम्प दुसऱ्या महायुद्धातला. येणाऱ्या-जाणाऱ्या सैनिकांच्या मुक्कामासाठी कल्याणजवळ लष्कराने ही छावणी उभारली. १९४५ साली युद्ध संपले. १९४७ मध्ये फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने याच बराकींत उतरवले. लांबलचक बराकीत आडपडदे बांधून एकेका कुटुंबाने आपले घर आखले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून वस्तीचे नाव उल्हासनगर ठरले.

नाव बदलले तरी पाच कॅम्पांचे आकडे तसेच राहिले. सैनिकाला कॅम्प म्हणजे चार दिवसांचा मुक्काम होता. सर्वस्व सोडून आलेल्या माणसाला तो निवारा झाला. त्याच्या नातवाला तो नुसता पत्ता आहे. एका शब्दाने इतके अर्थ बदलले आणि कोशात त्याची नोंद शोधायला गेलो तर फक्त ‘छावणी’ एवढेच हाती लागते. सिंधी आणि मराठी, दोन्ही शेजारी तो बोलतात. पण जुन्या बराकी पाडून इमारती उठत आहेत आणि ज्यांनी त्या बराकींत बालपण काढले, ती माणसे आता थकली आहेत. त्यांच्याबरोबर शब्दामागची हकिगतही जाईल.

आपण उज्जैनकर रोज ‘फ्रीगंज’ म्हणतो. इंग्रजी आणि देशी शब्दांची ही सोयरीक कशी जुळली, हे आपल्यापैकी कितीजणांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले आहे?

म्हणून विद्यार्थ्यांना एकच काम सांगतो. या सुट्टीत आपल्या पत्त्यातला एक शब्द निवडा. मोहल्ल्यातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे बसा, तो शब्द ते कसा उच्चारतात आणि त्यासोबत काय आठवतात ते त्यांच्याच बोलीत, मराठी असो वा माळवी, उतरवून घ्या. वर तारीख लिहा आणि वही शाळेत जमा करा.