जीपचं चाक आणि ओहळाचं पाणी

आम्ही वावरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज सांगणार आहोत कच्च्या रस्त्यावर गाडी कशी चालवायची ते. हसू नका, ऐका.

1992 साली वावर-वांगणीचं नाव सगळ्या महाराष्ट्राला कळलं, कारण इथं कुपोषणानं शंभराहून जास्त लेकरं दगावली. तेव्हा आमच्यातल्या काही जणी लहान पोरी होत्या. आजारी लेकरू झोळीत घेऊन उतार उतरणाऱ्या आया आम्ही पाहिल्यात.

आमच्या डोंगरातल्या वाटा तशा जुन्या. सुरतेच्या स्वारीला निघालेल्या शिवाजी महाराजांचं विक्रमशहा राजांनी जव्हारजवळच्या शिरपामाळावर स्वागत केलं, शिरपेच दिला, असं सांगतात. ती स्वारी 1664 ची. घोड्यांची आठवण राहिली. डोक्यावर नागली-वरईचं ओझं घेऊन चालणाऱ्या बायांची कोण ठेवणार?

गटानं पैसे साठवून जुनी फोर-व्हील जीप घेतली. चालवायला गडी मिळेना. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो. मग आमच्यातल्या दोघी शिकल्या, लायसन काढलं. "बाईच्या हाती गाडी म्हणजे खड्ड्यात," असं म्हणणारे होतेच. खड्डे तर आधीपासूनच होते!

आता शिकलेलं सांगतो. उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही, क्लच दाबून सोडायची नाही. पहिला गिअर टाकला की इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक सारखा दाबला तर तापतो आणि ऐन वेळी लागत नाही. चाकोरी खोल असेल तर चाकं तिच्यात घालू नका, नाहीतर गाडीचं पोट मधल्या दगडावर टेकतं. चाक उंचवट्यावरून न्या. स्टिअरिंगच्या आत अंगठा अडकवू नका; दगड लागला की चाक फिरतं आणि अंगठा मुरगळतो. अवघड जागी एकीनं खाली उतरून हातानं दिशा दाखवायची. चालवणारीनं तिचंच ऐकायचं, मागे बसलेल्या दहा जणांचं नाही.

हे शेवटचं आम्ही एका आषाढातल्या रात्री शिकलो. पाड्यातल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या. 108 ला फोन केला. गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येणार होती. तिथवर आमची जीप. मधल्या ओहळाला गढूळ पाणी, काठीनं पाहिलं तर गुडघ्याच्या वर. मागून ओरडा सुरू झाला, "घाल गाडी, घाल!" सासू रडायला लागली. आमच्या चालवणारीनं गाडी बंद केली. पाण्याच्या काठाला एक दगड ठेवला आणि बॅटरी धरून बसली. तिला त्या रात्री लोकांनी काय काय नाही बोललं.

पाऊस थांबला. तासाभरानं पाणी दगडापासून हातभर मागे सरकलं. पुन्हा काठीनं पाहिलं, गुडघ्याच्या बरंच खाली होतं. मग पहिल्या गिअरमध्ये, मध्ये न थांबता, हळूच पलीकडे. जव्हारच्या कुटीर रुग्णालयात पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप.

बहिणींनो, तो तास आम्हाला अजून आठवतो. पाणी ओसरलं नसतं तर? म्हणून आता आम्ही पावसाळ्यात वाट पाहत नाही. दिवस भरत आले की बाईला आधीच दवाखान्याजवळ नेऊन ठेवतो. काही आरोग्य केंद्रांत त्यासाठी माहेरघर असतं. आपल्या आशाताईंना विचारा. गाडी चालवता येणं चांगलंच, पण गाडी कधी थांबवायची हेही आलं पाहिजे.

ती मुलगी आता जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायचा हट्ट करते. आम्ही तिला आईच्या मांडीवर मागेच बसवतो. तिची पाळी येईल तेव्हा स्टिअरिंग तिच्या हाती देऊ.

जोहार!