समुद्रानें सोडलेलें शहर : ब्रूज

कालव्यांचें नगर म्हटलें कीं बहुतेकांस प्रथम व्हेनिस आठवतें. परंतु बेल्जममध्यें, उत्तर समुद्राच्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, ब्रूज नांवाचें एक लहानसें शहर आहे. तेथें मध्ययुग अजून वस्तीस राहिलें आहे कीं काय, असें पाहणारास वाटतें. ब्रसेल्सहून आगगाडीनें सुमारें एका तासांत तेथें पोंचतां येतें. त्यामुळें पुष्कळसे प्रवासी सकाळीं येतात, होडींतून एक फेरी मारतात, चॉकलेटें विकत घेतात आणि सायंकाळीं परततात. एखादा प्रवासी एकटाच आला आणि एक रात्र मुक्कामास राहिला, तर मात्र त्यास हें शहर निराळें दिसतें. बोलावयास सोबती नसल्यामुळें त्याचे डोळे आणि कान मोकळे असतात.

प्रथम त्याच्या कानीं पडतो तो घंटांचा नाद. बाजारचौकांतील घंटाघराचा मनोरा ८३ मीटर उंच असून तो किंचित् कललेला आहे. वर जाण्यास ३६६ पायऱ्या चढाव्या लागतात. जिना इतका चिंचोळा कीं, वरून कोणी उतरूं लागल्यास चढणारानें भिंतीस अंग चोरून उभें रहावें. वर ४७ घंटांचा मेळ आहे व दर पाव तासास त्यांतून सूर उमटतात. धाप टाकीत माथ्यावर पोंचलेल्या प्रवाशास खालीं तांबड्या कौलांचीं छपरें, त्यांमधून वळत जाणारे कालवे आणि दूर सपाट हिरवी शेतें दिसतात. समुद्र मात्र गांवास कोठेंच भिडलेला दिसत नाहीं. या शहराची सारी कथा त्या एका गोष्टींत सांठविलेली आहे.

सन ११३४ मध्यें एका मोठ्या तुफानानें किनारा फोडला आणि झ्वीन नांवाची खाडी आंतवर घुसली. त्या खाडीनें ब्रूजला समुद्राचा मार्ग मिळवून दिला. मोठीं गलबतें दाम या पुढच्या बंदरांत थांबत व तेथून माल कालव्यानें शहरांत येई. इंग्लंडची लोकर येथें येई आणि फ्लँडर्सचें कापड येथून बाहेर जाई. जिनोव्हा, व्हेनिस आणि जर्मनीच्या व्यापारी नगरांतील सौदागरांच्या येथें वखारी होत्या. व्हान डर ब्यूर्झे नांवाच्या घराण्याच्या पांथशाळेपुढें हे व्यापारी जमत. शेअरबाजाराचें ‘बूर्स’ हें युरोपीय नांव त्या घराण्यावरूनच आलें असें मानतात. यान व्हान आयक हा थोर चित्रकार येथेंच राहिला आणि १४४१ मध्यें येथेंच वारला.

परंतु जें पाण्यानें दिलें तें गाळानें हिरावून घेतलें. खाडी हळूहळू भरत गेली आणि सन १५०० च्या सुमारास मोठ्या जहाजांस येणें अवघड होऊन बसलें. व्यापारी अँटवर्पकडे वळले. एकोणिसाव्या शतकांत हें एके काळचें कुबेराचें नगर देशांतील अत्यंत दरिद्री शहरांपैकीं एक झालें होतें. बायका नाजूक जाळीदार लेस विणून संसार चालवीत. जुनीं घरें पाडून नवीं बांधण्यास लोकांपाशीं पैसा नव्हता व मोठे कारखानेही आले नाहींत. आज जगांतील लोक जें सौंदर्य पहावयास येतात, तें असें दारिद्र्यानें राखलेलें आहे. १८९२ मध्यें जॉर्ज रोदेन्बाख याच्या कादंबरीनें ‘मृत ब्रूज’ हें नांव दूरवर पसरविलें. नागरिकांस मात्र मृत म्हणवून घेण्याची हौस नव्हती. त्यांनीं समुद्रापर्यंत नवा कालवा नेला आणि १९०७ मध्यें झीब्रूज बंदर उघडलें.

दुपारीं आपला प्रवासी मेरीमातेच्या चर्चमध्यें शिरतो. येथें मायकेलअँजेलोनें घडविलेली माता व बालक यांची संगमरवरी मूर्ति आहे. बाळ आईच्या गुडघ्यांमध्यें उभें असून जणु आतां पुढें पाऊल टाकणार आहे. आईची दृष्टि खालीं झुकलेली आहे, पण ती बाळाकडे पाहत नाहीं. ही मूर्ति दोनदां लुटली गेली. १७९४ मध्यें फ्रेंचांनीं व १९४४ मध्यें जर्मनांनीं ती नेली. दुसऱ्या खेपेस ती ऑस्ट्रियांतील मिठाच्या खाणींत सांपडली आणि पुन्हां स्वस्थानीं आली.

तेथून थोडें चाललें कीं १२४५ च्या सुमारास स्थापन झालेली बेगीन स्त्रियांची वसाहत लागते. आजन्म मठाची दीक्षा न घेतां भक्तीनें आणि स्वकष्टानें राहणाऱ्या स्त्रियांचें हें आश्रयस्थान होय. १९२७ पासून येथें बेनेडिक्टिन जोगिणी राहतात. उंच झाडें, भोंवतीं पांढरीं घरें आणि मधें हिरवळ. येथें मोठ्यानें बोलूं नये अशी विनंति असते. एकट्या प्रवाशास ती पाळणें कठीण जात नाहीं.

सायंकाळीं परतणाऱ्या गाड्या निघून जातात. होड्या बांधल्या जातात, दगडी पुलांवरची वर्दळ ओसरते आणि पाण्यावर खिडक्यांतले दिवे दिसूं लागतात. कोणी म्हातारी दारांतली कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवते, कोणी सायकलवरून घरीं जातो. दिवसभर न दिसलेले गांवकरी आतां दिसतात. जुन्या शहरांत सुमारें २० हजार लोकच राहतात, आणि दरसाल त्यांच्या कित्येक पट पाहुणे येतात. म्हणूनच २०१९ मध्यें नगरपालिकेनें एका दिवसाच्या सहलींची जाहिरात न करण्याचें ठरविलें. ज्या गांवानें गाळामुळें समुद्र गमावला, त्यास आतां पाहुण्यांच्या पुरांतून आपलें घरपण वांचवावयाचें आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं प्रवासी स्टेशनाकडे निघतो, तेव्हां समोरून सहलकऱ्यांचा पहिला थवा येत असतो. काल याच वेळीं तोही त्यांतलाच एक होता. पूल अरुंद आहे; तो बाजूस सरून त्यांस वाट देतो. मागून पाव तासाची घंटा वाजते.