यंत्र आमचे, काम तुमचे

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला 'उद्योगांचे सामाजिक दायित्व' हा विषय दिला. अशा व्यापक विषयावर बोलताना वक्ता दहा उद्योगांविषयी थोडेथोडे बोलतो आणि एकाहीविषयी पुरेसे बोलत नाही. म्हणून मी एकच कंपनी निवडली आहे, आयबीएम. आपल्यापैकी काहींची मुले, सुना, जावई तेथे नोकरीला असतील. त्यांनी निश्चिंत असावे, कुणावर आरोपपत्र ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु १९११ साली स्थापन झालेल्या या कंपनीच्या इतिहासात दायित्व या शब्दाचे इतके कंगोरे सापडतात की दुसरे उदाहरण शोधण्याची गरज पडू नये.

प्रथम आपल्या कायद्याविषयी दोन शब्द. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी, असे हे कलम सांगते. सेवाकार्यात असलेल्यांना 'सीएसआर निधी' हा शब्द आता पाठ झाला आहे. त्यातून शाळा उभ्या राहिल्या, रुग्णवाहिका आल्या, पाणलोटाची कामे झाली. हे सर्व स्वागतार्हच आहे.

मात्र या कलमाची एक गंमत पाहा. जमशेदजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तेथे १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी आला आणि १८९५ साली अपघाताची भरपाई देण्यास प्रारंभ झाला. त्या काळी या गोष्टी कोणत्याही कायद्याने सांगितलेल्या नव्हत्या. आजच्या नियमांनुसार यातील एक पैसाही 'सीएसआर' ठरणार नाही, कारण केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही. नेहमीच्या व्यवसायातील कामेही त्यात धरत नाहीत. म्हणजे नफा झाल्यानंतर काय द्यावे एवढेच हे कलम विचारते. तो नफा कोणत्या कामातून झाला, हा प्रश्न त्याच्या कुंपणाबाहेर राहतो. मला आज त्या कुंपणाबाहेरच बोलायचे आहे.

आयबीएमची सूत्रे १९१४ साली थॉमस वॉटसन यांच्याकडे आली. अपंग व्यक्तीला आपण त्याच वर्षी प्रथम नोकरी दिली, असे कंपनी अभिमानाने सांगते. महामंदीच्या काळात अन्य कारखाने माणसे काढत असताना वॉटसन यांनी उत्पादन चालू ठेवले, आणि त्याच दशकात कर्मचाऱ्यांना सामूहिक आयुर्विमा व पगारी रजा दिली. त्यांचे चिरंजीव धाकटे वॉटसन यांनी २१ सप्टेंबर १९५३ रोजी एक पत्रक काढले. वंश, वर्ण वा पंथ न पाहता योग्य व्यक्तीला नोकरी द्यावी, असा त्याचा आशय होता. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे १९५४ मधला, म्हणजे पत्रकानंतरचा. वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांत नवे कारखाने काढण्याचा विचार चालू असताना ही भूमिका घेणे सोपे नव्हते. त्याचे श्रेय त्यांना मनमोकळेपणाने दिले पाहिजे.

आता याच घराची दुसरी बाजू पाहू.

संगणक येण्यापूर्वी आयबीएमचा मुख्य धंदा होता भोके पाडलेल्या कार्डांचा. हर्मन हॉलरिथ या अभियंत्याने १८९० च्या अमेरिकी जनगणनेसाठी हे तंत्र विकसित केले. एक माणूस म्हणजे एक कार्ड. वय, व्यवसाय, धर्म, जन्मस्थान यांसाठी ठरावीक जागी भोक. कार्डांचा गठ्ठा यंत्रात टाकला की हवी ती माणसे वेगळी निघत. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की ही यंत्रे विकली जात नसत, भाड्याने दिली जात. देखभाल कंपनीची, कार्डेही कंपनीकडूनच घ्यायची. (यंत्रे विकण्याचीही अट अमेरिकी सरकारने कंपनीवर घातली ती १९५६ साली.) म्हणजे आपले यंत्र कुठे आहे आणि तेथे साधारण कोणते काम चालते, याविषयी हा विक्रेता अनभिज्ञ राहणे कठीण.

जर्मनीत डेहोमाग ही आयबीएमची उपकंपनी होती. हिटलर सत्तेवर आल्यानंतर १९३३ साली झालेल्या जनगणनेत प्रशियाचे काम या कंपनीने केले. १९३९ च्या जनगणनेत तर आजी-आजोबांपैकी कोण ज्यू होते, हेही विचारले गेले. थोरल्या वॉटसन यांनी १९३७ साली बर्लिनमध्ये नाझी राजवटीचे पदक स्वीकारले आणि १९४० साली परत केले. एडविन ब्लॅक या पत्रकाराने २००१ साली या संबंधांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा जगभर खळबळ माजली. उपकंपनी नाझींच्या ताब्यात गेली होती, अशी कंपनीची बाजू होती. आपली जुनी कागदपत्रे तिने न्यूयॉर्क आणि होहेनहाइम येथील विद्यापीठांकडे सोपवली होती. न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला नेमके किती ठाऊक होते आणि नरसंहारात या यंत्रांचा वाटा किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. ते मतभेद मान्य करूनही ती तीन वर्षे मला अस्वस्थ करतात. १९३७ ते १९४० या काळात ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली, पोलंडवर आक्रमण झाले, आणि पदक मात्र परत गेले ते युरोपातील एकेक देश कोसळू लागल्यावर.

दक्षिण आफ्रिकेत हाच प्रश्न अधिक स्वच्छपणे समोर आला. लिऑन सलिव्हन या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने १९७७ साली तेथील अमेरिकी कंपन्यांसाठी आचारतत्त्वे मांडली. उपाहारगृहात, प्रसाधनगृहात भेद नको, समान कामाला समान वेतन हवे, अशी ती होती. आयबीएम ती स्वीकारणाऱ्या पहिल्या कंपन्यांपैकी एक. म्हणजे कार्यालयात गोरा आणि काळा एका टेबलावर जेवणार, आणि कार्यालयातून बाहेर पडलेला संगणक वर्णभेदी सरकारच्या खात्यांत काम करणार! भागधारकांच्या सभांतून आणि विद्यापीठांतून वर्षानुवर्षे विरोध झाला, तेव्हा १९८६ साली कंपनीने तेथून निघण्याची घोषणा केली. पुढे पीडितांनी अमेरिकेत दावा लावला. कृष्णवर्णीयांचे नागरिकत्व हिरावून घेणाऱ्या ओळखपत्र यंत्रणेला कंपनीने साहाय्य केले, असा त्यांचा आरोप होता. २०१५ साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. परिणाम ठाऊक असणे पुरेसे नाही, तो घडवण्याचा हेतू दिसला पाहिजे, असा न्यायालयाचा दृष्टिकोन होता. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. कायद्याच्या कसोटीवर हे योग्य असेलही. पण 'आमचा तसा हेतू नव्हता' हे वाक्य आपल्या घरात मुलाने म्हटले, तर आपण तेवढ्यावर त्याला सोडतो का?

भारताचा विषय निघाला की १९७८ चा उल्लेख होतो आणि टाळ्या पडतात. परकीय चलन नियमन कायद्यानुसार परकीय भागभांडवल ४० टक्क्यांवर आणणे आयबीएमला मान्य नव्हते. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते, आणि कंपनी देश सोडून गेली. जुनी, डागडुजी केलेली यंत्रे येथे भाड्याने दिली जातात, ही तक्रार त्याआधीपासूनच होती. मला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटतात त्या पुढच्या कामासाठी. ठिकठिकाणच्या त्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतली, आणि याच सीएमसीच्या अभियंत्यांनी ऐंशीच्या दशकात रेल्वे आरक्षणाची संगणकीय व्यवस्था उभी केली. ज्यांनी आरक्षणाच्या रांगेत रात्र काढली आहे, त्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. १९९२ साली आयबीएम परत आली ती टाटांबरोबर भागीदारीत.

आजच्या आयबीएमचे सामाजिक उपक्रम दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. २००८ पासून तिने आपल्या तज्ज्ञ कर्मचाऱ्यांची पथके महिनाभरासाठी विकसनशील देशांत विनामूल्य पाठवली. २००४ साली सुरू केलेल्या एका प्रकल्पात जगभरच्या घरगुती संगणकांचा रिकामा वेळ रोगसंशोधनासाठी वापरला गेला. २०३० पर्यंत ३ कोटी लोकांना नवी कौशल्ये शिकवण्याचा संकल्प तिने २०२१ साली सोडला. त्याआधी एकच वर्ष, २०२० साली, अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने म्हटले होते की, याच कंपनीने माणसे कमी करताना वयस्क कर्मचाऱ्यांवर अन्याय केला. जगाला शिकवायला निघालेल्या कंपनीने घरातल्या जाणत्यांना नव्याने शिकवले असते, तर ते अधिक शोभले असते.

आणि तरीही शेवटची नोंद चांगली आहे. जून २०२० मध्ये अरविंद कृष्ण या आपल्याकडून गेलेल्या प्रमुखाने अमेरिकी काँग्रेसला पत्र लिहिले. चेहरा ओळखणारे सर्वसाधारण तंत्रज्ञान आम्ही यापुढे विकणार नाही, सामूहिक पाळत आणि वांशिक भेदासाठी अशा तंत्राचा वापर आम्हाला मान्य नाही, असे त्यात होते. या धंद्यात कंपनी फार पुढे नव्हती, त्यामुळे त्याग लहान होता, असे टीकाकार म्हणाले. असेल. पण यंत्र कोण, कशासाठी वापरणार, हा प्रश्न आमचाही आहे, हे कंपनीने त्या वेळी लेखी मान्य केले.

आपल्यापैकी जे संस्था चालवतात, त्यांना निधीसाठी पानेच्या पाने अर्ज भरून द्यावे लागतात. तो भरताना आपणही कंपनीच्या अधिकाऱ्यांना विनयाने एक पान भरायला द्यावे. तुमचे उत्पादन कोण वापरते, तुमचे सांडपाणी कुठे जाते, तुमच्या कंत्राटी कामगाराला किती मिळते. निधी बहुधा अडणार नाही. अडलाच, तर का अडला ते आपल्याला कळेल.

आयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी वीस मिनिटे राखून ठेवली आहेत. त्या क्षेत्रातील तरुण मंडळींनी आधी विचारावे, अशी विनंती करून मी येथे थांबतो.