पान्हा दाटतो तेव्हा



रायगडच्या हिरकणीची आख्यायिका आपणां सर्वांना ठाऊक आहे. गडाचे दरवाजे मिटले आणि तान्ह्याच्या ओढीने ती माउली कडा उतरून गेली. बाळाची भूक आपण ध्यानात ठेवली. पाजण्याची वेळ टळली म्हणजे आईचा ऊर कसा ठणकतो, हे मात्र विसरलो. विषय संकोचाचा खरा. पण संकोचापायीच लेकीसुना मुकाट्याने सोसतात, म्हणून तो गोरेगावच्या या भरसभेत मांडीत आहे.

दूध फार येते असे एखादी म्हणाली, तर "नशीबवान आहेस बाई" म्हणून तिची बोळवण होते. इकडे धार जोराने येते म्हणून बाळ ठसकते, रडत तोंड सोडते, हिरवट फेसाळ शी करते. आईच्या अंगात गाठी येतात, लुगडे भिजते. घरची मंडळी मात्र अळीव, डिंक, मेथी यांचे लाडू पुढे करीतच असतात.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऊर दाटणे स्वाभाविक आहे. पुढे काही आठवड्यांत दूध बहुधा बाळाच्या भुकेशी जुळते. विहिरीचा झरा उपशाने वाहता राहतो, तसेच येथे आहे. जितके काढावे तितके अंग अधिक तयार करते. दूध साठून राहिले, तर निर्मिती मंदावते. म्हणून ठणका लागला की सगळे पिळून काढणे, हा उपाय नसून दुखण्याला खतपाणी आहे. आराम पडेल इतकेच हाताने काढावे. आईने मागे रेलून बसावे, म्हणजे धारेचा जोर कमी होतो. पाजल्यावर गार पाण्याची घडी ठेवावी. गाठ जोराने रगडू नये. दूध वाढविणारे लाडू आणि औषधे थांबवावीत. पोटभर जेवण मात्र थांबवू नये. एवढ्यानेही भागले नाही, किंवा बाळाचे वजन वाढेना, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ताप भरला, अंग लाल होऊन तापले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अशा वेळी पाजणे एकाएकी तोडू नये. त्याने दुखणे वाढते.

मग उरलेल्या दुधाचे काय? मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मातृदुग्धपेढी काढली. आशियातील ती पहिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईचे दूध मिळेना, वरच्या दुधाने जंतुसंसर्ग होई. त्यावर हा मार्ग निघाला. दात्या मातेची रक्ततपासणी होते, दूध 62.5 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवून निर्जंतुक करतात आणि मग ते परक्या बाळाच्या मुखी जाते. ही तपासणी महत्त्वाची आहे. दुधातून काही रोग पसरू शकतात. म्हणून शेजारच्या बाळाला परस्पर दूध देण्याचा मोह टाळावा. आणि दान करावयाचे म्हणून मुद्दाम दूध वाढवूही नये. आपले बाळ पिऊन जे सहज उरते, तेच द्यावे.

एस. टी. स्थानकांवर आज हिरकणीच्या नावाचे कक्ष आहेत. तसा एक कोपरा प्रत्येक घरात असावा, जेथे बाळंतीण निःसंकोच "दुखते आहे" म्हणेल आणि ते ऐकणारे कोणी असेल. सासूबाईंनी आणि बाळाच्या वडिलांनी एवढे मनावर घेतले, तरी माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.