निकाल ब्राझीलचा, मरण मालीचं
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पश्चिम आफ्रिकेच्या बाजूला माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड असे चार देश आहेत. तिथंही पावसाच्या भरवशावर कापूस, अन् खायला ज्वारी-बाजरी. हातानं वेचलेला त्यांचा कापूस अमेरिकेच्या कापसापेक्षा कमी खर्चात पिकतो. बाजार खरोखर खुला असता तर बाजी त्यांनी मारली असती. पण अमेरिकेतल्या सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांच्या पाठीशी सरकारी तिजोरी होती. १९९९ ते २००२ या चार हंगामांत त्यांना १२०० कोटी डॉलरहून जास्त सबसिडी मिळाली. भाव पडला तरी त्यांची पेर कमी होत नाही, आणि त्यांच्या गाठी जगाच्या बाजारात येऊन सगळ्यांचाच भाव पाडतात.

२००३ साली कानकुनच्या परिषदेत या चार देशांनी मागणी केली, की ही सबसिडी बंद करा आणि तोवर नुकसानभरपाई द्या. मसुद्यात उत्तर काय आलं? कापसावरचं अवलंबन कमी करा, दुसरं काही शोधा! कर्जात बुडालेल्याला जोडधंद्याचा सल्ला देणारे आपल्याकडचे साहेब आठवले की नाही?

ब्राझीलनं २००२ मध्येच जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली होती. २००५ मध्ये अपिलातही तो जिंकला. तरी अमेरिका ढिम्म. २००९ मध्ये ब्राझीलला उलट कारवाईची परवानगी मिळाली. अमेरिकी मालावर जकात वाढवायची, वेळ पडली तर पेटंटच्या हक्कांनाही हात घालायचा. तेव्हा कुठं अमेरिका बोलणीला आली. सबसिडी बंद केली नाहीच. २०१० पासून ब्राझीलच्या कापूस निधीला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन तक्रार मिटवून टाकली. मालीवाल्यानं काय करायचं? त्यानं अमेरिकी मालावर जकात वाढवली तर अमेरिकेला खबरही लागणार नाही.

आता आपल्या घरात पाहू. जागतिक व्यापार संघटनेला दिलेल्या हिशेबात भारत सरकारनंच १९८६ नंतरच्या वर्षांत पिकांची सबसिडी उणे दाखवली होती. उणे, म्हणजे आपल्याकडूनच काढून घेतलेली! वर महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी, राज्याबाहेर कापूस विकायला बंदी. ५ मार्च २०१२ ला निर्यात एका हुकमात बंद झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये, वेचणी तोंडावर असताना, आयातीवरचं ११ टक्के शुल्क उठवलं आणि ती सवलत पुढं डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. अमेरिकेवर बोट दाखवायला आम्ही तयार आहोत, पण दिल्लीला सोडून नाही.

म्हणून आजच्या ठरावात मागणी घातली आहे: कापसाच्या आयात-निर्यातीचं धोरण पेरणीआधी जाहीर करा आणि हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नका. जेवणानंतर ठराव वाचला जाईल. कुणाला दुरुस्ती सुचवायची असेल त्यांनी त्याआधी नाव द्यावं.