वृषणाला पडणारा पीळ : काही तासांचा प्रश्न



आजचा विषय आपण चारचौघांत काढीत नाही. या संकोचाची किंमत मात्र मुलांना मोजावी लागते.

वृषणाला रक्त मिळते ते वृषणरज्जूतून. काही मुलांचा वृषण अंडकोशात जन्मतःच नीट जखडलेला नसतो. घंटेतील लोलकासारखा तो मोकळा हलतो. मग एखाद्या वेळी, अगदी झोपेतही, रज्जूला पीळ पडतो आणि रक्तपुरवठा तुटतो. बहुधा १२ ते १८ या वयात हे घडते. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास वृषण बहुतेक वेळा वाचतो. २४ तासांनंतर तो क्वचितच हाती लागतो.

मुलगा पुष्कळदा 'पोट दुखते' एवढेच सांगतो. कधी लाजेने, तर कधी कळ खरोखरच ओटीपोटात जाणवते म्हणून. सोबत उलटी होते. वसतिगृहातील मुलाने हे रात्री कोणाला सांगावे, हे अधीक्षकांनी आधीच ठरवून ठेवलेले बरे. शेक देणे, चोळणे, सकाळची वाट पाहणे यांत मोलाचे तास जातात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

शस्त्रचिकित्सक पीळ सोडवून वृषण टाक्यांनी जखडतात, आणि दुसऱ्या बाजूचाही. 'चांगल्या बाजूला हात कशाला?' असे पालक विचारतात. हा जन्मदोष पुष्कळदा दोन्ही बाजूंना असतो, हे त्याचे उत्तर.

आता पुढील आयुष्याविषयी. रक्ताअभावी शुक्रजंतू निर्माण करणाऱ्या पेशी आधी दगावतात. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार करणाऱ्या लेडिग पेशी अधिक चिवट असतात. त्यामुळे एक वृषण काढावा लागला तरी दुसरा निरोगी असल्यास दाढीमिशा, आवाज, कामेच्छा यांत सहसा उणेपणा येत नाही. काही जणांच्या वीर्यात शुक्रजंतूंची संख्या किंवा हालचाल कमी आढळते, रक्तातील एफएसएच हे संप्रेरक थोडे वाढलेले दिसते. तथापि आजवरच्या पाहण्यांत अशा पुरुषांना अपत्यप्राप्ती होण्याचे प्रमाण इतर पुरुषांच्या जवळपासच आढळले आहे. त्यांना अधू ठरवून सोयरीक मोडणे निखालस अन्यायाचे आहे.

दोन्ही वृषण गमावल्यास गोष्ट वेगळी. तेव्हा संप्रेरक बाहेरून द्यावे लागते, आणि ते संतती देत नाही. एकच गमावलेल्या तरुणाला शंका असेल, तर प्रौढ वयात वीर्याची व रक्तातील टेस्टोस्टेरॉनची तपासणी करून घेता येते. मूल होण्यास विलंब झाल्यास पत्नीबरोबर त्यानेही तपासणीस जावे.