मातीतले विष : किती आणि कोठे?

जपानात तोयामा नावाचा प्रांत आहे. तेथून जिंझू नदी वाहते. नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्ताची व शिशाची खाण होती. खाणीतले कॅडमियम नदीत उतरले, नदीचे पाणी भातखाचरांत गेले, आणि भातातून ते विष माणसांच्या मूत्रपिंडांत शिरले. हाडे इतकी ठिसूळ झाली की नुसत्या खोकल्याने बरगडी मोडावी! रोगी ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, असे विव्हळत. रोगाचे नावच ‘इताई-इताई’ पडले. बळी पडल्या त्या बहुतेक उतारवयाकडे झुकलेल्या बायका. हा रोग कॅडमियमचा, हे जपान सरकारने १९६८ साली मान्य केले.

आता अशा शेताची माती तपासायची कशी? कडक आम्लांत सगळी माती विरघळवली, तर कॅडमियमचा एकूण आकडा हाती येतो. पण भाताची मुळे काही सगळी माती विरघळवून खात नाहीत! आपल्या घरातलाच पैसा पाहा ना. थोडा खिशात असतो, थोडा फडताळात, थोडा तिजोरीत, आणि एखाद्याचा भिंतीत पुरलेला. बाजारात उपयोगी पडतो तो खिशातला. मातीतल्या विषाचेही तसेच आहे.

म्हणून रसायनशास्त्रज्ञ एकेक कुलूप क्रमाने उघडतात. ही रीत तेसिए, कँपबेल आणि बिसों यांनी १९७९ साली कॅनडातून मांडली. मातीचा लहानसा नमुना घ्यायचा. प्रथम मॅग्नेशियम क्लोराइडचे पाणी. त्याने कणांच्या पृष्ठभागाला नुसते चिकटलेले धातू सुटतात. हा झाला खिसा. मग सौम्य आम्लधर्मी सोडियम ॲसिटेट. त्याने चुनखडीत अडकलेले सुटतात. तिसऱ्या पायरीला लोहाची व मँगनीजची ऑक्साइडे फोडायची, चौथीला हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय द्रव्य व सल्फाइडे जाळायची. शेवटी उरते ते खनिजांच्या स्फटिकांत पुरलेले. ते पिकाला सहसा मिळत नाही.

मात्र कुलपे कायमची नसतात. खाचरात पाणी तुंबले की मातीतली हवा सरते आणि कॅडमियम सल्फाइडच्या रूपाने जखडले जाते. पाणी काढले, माती भेगाळली, की ते पुन्हा मोकळे! म्हणून जपानात भात निसवण्याच्या सुमारास शेतात पाणी राखतात. पण येथेही एक मेख आहे. मातीत सोमल असेल, तर तो नेमका उलट वागतो. पाणी तुंबले की लोहाची ऑक्साइडे विरघळतात आणि त्यांना धरून बसलेला सोमल सुटतो. एकाला बांधावे, तर दुसरा सुटतो!

यातून परीक्षकालाही धडा आहे. खाचरातली ओली माती उन्हात वाळवून प्रयोगशाळेत आणली, तर वाटेतच कुलपे उघडतात आणि शेतात नव्हते तेच उत्तर मिळते. शिवाय एका पायरीला सुटलेला धातू उरलेल्या कणांना पुन्हा चिकटू शकतो. तेव्हा हे आकडे म्हणजे दिशादर्शक खांब. शेवटचा निवाडा भाताच्या दाण्याचाच.

जिंझूकाठच्या खाचरांवर अखेर स्वच्छ मातीचा थर घालावा लागला. ते काम १९७९ साली सुरू झाले आणि २०१२ साली पुरे झाले. विष मातीत कालवायला परवाना लागला नव्हता. ते झाकायला मात्र तेहतीस वर्षे लागली!